अकरा डावी वळणं

माझी भाची लहानपणी कशावरही नीट बसली नाही. ती स्वार व्हायची. सोफ्याचा हात, जिन्याचा कठडा, गुंडाळून ठेवलेली गादी, जे सापडेल त्यावर दोन्ही पाय दोन बाजूंना टाकून ती मांड ठोकायची आणि जीभ टाळूला लावून टक् टक् आवाज काढायची. एकदा मी मुक्कामाला गेलो असताना माझ्या प्रवासाच्या बॅगेवर बसून तिनं तिचा पट्टा लगामासारखा इतका ओढला की परतीच्या प्रवासात बॅग मला लेकरासारखी उराशी धरून न्यावी लागली. शेजाऱ्यांनी तिला खार म्हणायला सुरुवात केली, घरच्यांनी त्याचं खारू केलं. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती मागे वळून दुसरं कोणी आहे का ते बघते.

हे वेड घोड्यापर्यंत पोचलं ते तिच्या आईमुळे. माझी धाकटी बहीण बावीस वर्षं एका इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत सिस्टर आहे. खोली लहान आहे. मधे लोखंडी टेबल, कोपऱ्यात पांढरी झालेली बादली, फरशीवर कितीही घासलं तरी न निघणारे ठिपके आणि भिंतीला उंचीप्रमाणे ओळीनं टेकवलेल्या कुबड्या. मोडलेलं हाड डॉक्टर बसवतात, पण प्लास्टर घालते आणि काढते ती. प्लास्टर निघालं की माणूस करकोच्यासारखा एक पाय वर धरून उभा राहतो. दीड महिना वापरला नाही तो पाय आपलाच आहे यावर त्याचा विश्वास नसतो. तेव्हा माझी बहीण कमरेवर हात ठेवून म्हणते, "वजन टाका. मोडत नाही." दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी ती हे म्हणत असेल. तिचा आवाज असा आहे की पाय मोडायला तयार असला तरी मोडत नाही.

मेहुणे लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या कामाच्या वेळा धड नसल्यामुळे खारू शाळा सुटली की थेट आईच्या खोलीत येऊन बसायची. खोलीला मागच्या बाजूला एक खिडकी, खिडकीपलीकडे इस्पितळाची भिंत, आणि भिंतीपलीकडे घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका मास्तरांचं रिंगण. आई इकडे हाडं बांधतेय आणि लेक तिकडे डोळे लावून बसलीय, असं सात वर्षं चाललं. माझ्या बहिणीला वाटायचं, पोरगी शहाणी आहे, गप्प बसते, पेशंटकडे टक लावून बघत नाही.

पंधराव्या वर्षी शहाणी पोरगी भिंत ओलांडून मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली.

"मला घोड्यावर बसायचंय."

मास्तरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हातात फावडं दिलं. "आधी घोड्याखालचं काढ. वर बसायचं मग बघू."

तीन महिने ती घोड्याखालचं काढत होती. घरी आल्यावर आई नाक वर करून विचारायची, "कसला वास येतोय गं?" आणि खारू सांगायची, "बागकामाचा." ते अगदीच खोटं नव्हतं, कारण शेण शेवटी बागेतच जात होतं. वर बसायची वेळ आली तेव्हा मात्र तिनं खरं सांगितलं, आणि रिंगणाबाहेर जायचं नाही या बोलीवर आईनं चालू दिलं.

आता मास्तरांविषयी थोडं सांगायला हवं, कारण सगळी भानगड त्यांच्या खांद्यामुळे झाली. तरुणपणी घोड्यावरून पडून त्यांचा डावा खांदा कायमचा आखडला होता. तो हात कमरेच्या वर जात नसे. शिकवताना ते रिंगणाच्या मधोमध उभे राहत, लांब दोरी डाव्या हातात कमरेशी धरत आणि छडी उजव्या हातात. छडी मारायला नव्हे, दाखवायला. असं उभं राहिलं की घोडा एकाच दिशेनं फिरू शकतो, सतत डावीकडे वळत. उलट फिरवायचा तर छडी डाव्या हातात उंच धरायला लागते, आणि ते त्यांना शक्य नव्हतं. त्यामुळे त्या रिंगणात एकोणीस वर्षं सगळे घोडे आणि सगळे शिकणारे डावीकडेच फिरले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. रिंगणात माणूस कुठं जात नसतोच, मग कुठल्या बाजूनं जात नाही याचा विचार कोण करतो?

तिथला सगळ्यात जुना घोडा म्हणजे हवालदार. तांबूस रंग, कपाळावर पांढरा पट्टा, पोट जरा सुटलेलं, आणि कितीही गडबड झाली तरी एका जागी उभं राहून सगळ्यांकडे संशयानं बघण्याची सवय. यावरूनच ते नाव पडलं असणार. नवख्या माणसाला त्याच्यावर बसवत, कारण तो कुणालाच पाडत नसे. पाडायला जी हालचाल करावी लागते ती त्याला पसंत नव्हती. खारू पहिल्यांदा बसली ती त्याच्याचवर, आणि पुढे चांगली दुडकी चाल शिकली, उड्या मारणाऱ्या तरण्या घोडीवर बसायची परवानगी मिळाली, तरी पाठ संपला की ती हवालदाराचेच खूर साफ करत बसायची. त्याच्याशी ती अखंड बोलायची. मी एकदा ऐकलंय. "तुला कुणी सांगितलं रे मला राग येत नाही? येतो. पण तुझ्यासारखा तोंडावर दाखवत नाही मी," असं काहीतरी चाललं होतं. हवालदारानं तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवली होती आणि डोळे अर्धे मिटले होते.

चार वर्षं गेली. खारू एकोणीस वर्षांची झाली, एका रोपवाटिकेत कामाला लागली. आणि एका सोमवारी मास्तरांनी सांगितलं की रिंगणाची जागा जातेय, महिनाअखेरीला फाटक बंद. बाकीच्या घोड्यांची सोय झाली होती. राहिला हवालदार.

"त्याला एक वीटभट्टीवाला न्यायला तयार आहे," मास्तर म्हणाले. "रविवारी संध्याकाळी ट्रक येईल."

"भट्टीवर तो काय करणार?"

"विटा ओढणार."

खारूनं हातातला ब्रश खाली ठेवला. मास्तर म्हणाले, "तुला हवाय का? मला काही नको. फक्त नाल वेळेवर बदलत जा, आणि थंडीत त्याच्याशी चढ्या आवाजात बोलू नकोस. त्याला लागतं ते मनाला."

संध्याकाळी खारू धापा टाकत घरी आली तेव्हा मी तिथंच चहा घेत बसलो होतो. तिनं सगळी तयारी रस्त्यातच करून टाकली होती. रोपवाटिकेच्या पलीकडे लाकडाची वखार आहे, तिथल्या काकूंची करवतीच्या यंत्राची जुनी शेड रिकामी पडली होती. काकू म्हणाल्या होत्या, घोडा असला की चोर येणार नाहीत. गवत रोपवाटिकेतून मिळणार होतं आणि त्याच्या बदल्यात शेण रोपवाटिकेला जाणार होतं. एवढं एका दमात सांगून ती आईसमोर उभी राहिली.

माझी बहीण चपात्या लाटत नव्हती की काही करत नव्हती, नुसती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, दिवसभर उभं राहून आलेली बाई बसते तशी. ती म्हणाली, "नाही."

"आई, ऐक तरी."

"मी रोज ऐकते. 'सिस्टर, काही नाही हो, नुसता पाय सटकला.' सगळे हेच सांगतात. परवा एकजण स्टुलावरून पडला. स्टुलाला चार पाय असतात आणि ते हलत नाहीत, तरी पडला."

"मी चार वर्षांत एकदा तरी पडले का?"

"रिंगणात फिरणं म्हणजे पाळण्यात बसणं. मधे माणूस उभा, हातात दोरी. रस्त्यावर तुझ्या हातात काय असणार?"

मेहुण्यांनी घसा साफ केला. "लगाम असतो ना."

"तुम्ही तुमच्या लिफ्टमध्ये राहा," बहीण म्हणाली, आणि मेहुणे पुन्हा लिफ्टमध्ये गेले.

खारू रडली नाही, हट्ट केला नाही. नुसती खाली बसून बुटाच्या नाड्या सोडत राहिली. तिनं बूट दाराशी ठेवले तेव्हा आईचं लक्ष तिकडे गेलं.

"तुझ्या डाव्या बुटाची टाच एवढी कशी झिजली गं? उजवा तर नवाच्या नवा आहे."

"असेल काहीतरी."

बहिणीनं तो बूट उचलून उलटा करून पाहिला. बुटाकडे बघतच ती म्हणाली, "रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. तू त्याला तिथून वखारीपर्यंत घेऊन यायचं, एकटीनं. कुणी लगाम धरायचा नाही, तू मधे उतरायचं नाही, आणि त्या मोठ्या हमरस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. मी दादाच्या स्कूटरवर मागं असेन. तुझा पाय एकदा जरी जमिनीला लागला, तर तिथून घोडा परत."

"चालेल!"

"हेल्मेट."

"चालेल, चालेल!"

अंतर म्हणाल तर वीस मिनिटांचं. फाटकातून उजवीकडे, इस्पितळावरून सरळ, पिठाच्या गिरणीपाशी पुन्हा उजवीकडे. मलाही वाटलं, काम झालं.

गुरुवारी खारूचा फोन आला. "मामा, कामावरून जरा लवकर निघता येईल का? आईला सांगू नका."

मी गेलो तर फाटकाबाहेर हवालदार उभा, त्याच्यावर खारू, आणि बाजूला मास्तर दाढी खाजवत. खारू म्हणाली, "बघा हं आता," आणि तिनं घोड्याला उजवीकडे वळवायचा प्रयत्न केला. हवालदारानं मान उजवीकडे केली. नुसती मान. कुणी हाक मारल्यावर आपण वळून बघतो, तशी. बाकीचा घोडा होता तिथंच राहिला. तिनं टाच लावली, तेव्हा तो मान उजवीकडे ठेवून दोन पावलं डावीकडे सरकला.

"हा उजवीकडे वळत नाही?" मी विचारलं.

मास्तर विचारात पडले. "कधी वळवलाच नाही हो. उजवीकडे काही नव्हतंच."

मी म्हटलं, मग डावीकडूनच गिरकी घेऊ दे, तोंड उजवीकडे आलं की सरळ जाऊ दे. खारूनं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि तेही करून दाखवलं. हवालदार आनंदानं डावीकडे वळला, आणखी वळला, आणि वळतच राहिला. त्याच्या दृष्टीनं पाठ सुरू झाला होता. समोरच्या मोकळ्या जागेत त्यानं बरोब्बर रिंगणाच्या मापाचं वर्तुळ धरलं आणि तो फिरू लागला. "बस्स! बस्स!" असं खारू वरून ओरडत होती. त्याचा कान हलला नाही.

"वरून ओरडून काय उपयोग," मास्तर म्हणाले. "त्याला आवाज मधून यायची सवय आहे." ते सावकाश वर्तुळाच्या मध्यावर गेले, उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "बस्स." हवालदार जागच्या जागी थांबला.

खारूचा चेहरा उतरला होता. तीन दिवसांत एकोणीस वर्षांची सवय मोडत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ती घोड्याच्या मानेवर ओणवी होऊन म्हणाली, "मामा, त्याला भट्टीवर नेतील हो."

मी एका मालवाहतूक कंपनीत गाड्यांचे मार्ग ठरवतो. कुठला पूल अरुंद, कुठल्या गल्लीत ट्रक अडकतो, यातच माझी इतकी वर्षं गेली. घरी जाऊन मी कागद घेतला. साधा कोपरा असला, डावीकडे वळून पुढं सरळ रस्ता दिसला, तर हवालदार सरळ जात होता. गोल सुरू व्हायचा तो जागच्या जागी गिरकी घेतली तरच. म्हणजे जिथं उजवीकडे वळायचं तिथं चौक ओलांडून पुढं जायचं, मग एकामागून एक तीन डावी वळणं घ्यायची, की आपण त्याच चौकात हव्या त्या दिशेनं तोंड करून येतो. हिशेबानं अकरा डावी वळणं होत होती आणि वीस मिनिटांच्या जागी दीड तास. पण उजवं एकही नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी मी स्कूटरवरून सगळा मार्ग फिरून आलो. खारूनं कागद पाठ केला.

रविवारी सात वाजता निघालो. मास्तर फाटकाशी उभे होते. त्यांनी हवालदाराच्या कपाळावरचा पट्टा एकदा बोटानं पुसला आणि "जा," म्हणून पाठ फिरवली. खारू हेल्मेट घालून ताठ बसली होती. मागं स्कूटरवर मी, आणि माझ्या मागं माझी बहीण, मांडीवर कापडी पिशवी.

"पिशवीत काय आहे?"

"प्लास्टरचे रोल, बँडेज, कात्री. तुला हवंय का काही?"

खारू फाटकातून डावीकडे वळली.

"अगं, वखार इकडे ना?" बहीण म्हणाली.

"रस्ता मोकळा आहे तिकडून," मी म्हटलं.

दुसरं डावं वळण झालं, तिसरं झालं. हवालदार छान चालला होता. नालांचा आवाज रिकाम्या रस्त्यावर असा घुमत होता की लोक चहाचे कप घेऊन खिडक्यांत येत होते. एका चौकात केस कापायचं दुकान आहे. दुकानदार पायरी झाडत होता, त्यानं झाडू छातीशी धरून घोड्याला वाट दिली. आम्ही चौक ओलांडून सरळ गेलो, एक डावं, दोन डावी, तीन डावी, आणि पुन्हा त्याच दुकानापाशी आलो.

"विसरलं का काही?" दुकानदारानं विचारलं.

"नाही, नाही," खारू वरून म्हणाली, "असंच चाललंय."

स्कूटरवर माझ्या मागं शांतता पसरली. माझ्या बहिणीची शांतता पाठीला कळते.

"दादा."

"हं."

"हा घोडा उजवीकडे वळतो का?"

"वळेल."

"वळेल म्हणजे?"

मी खरं काय ते सांगून टाकलं. मला वाटलं, आता ती स्कूटर थांबवायला लावणार. ती बराच वेळ खारूच्या पाठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अट पाय खाली न लावायची आहे. किती वळणं उरलीत?"

"पाच."

"चालू दे. पण तुझ्याकडे मी नंतर बघते."

आठवं वळण झालं आणि आम्ही पिठाच्या गिरणीच्या चौकात आलो. इथून सरळ जायचं, पुढं तीन डावी वळणं घेतली की वखारीच्या रस्त्याला लागणार. शुक्रवारी मी स्वतः पाहिलेला तो सरळ रस्ता शनिवारी कुणीतरी आडवा खणून ठेवला होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत चर, चरात पाण्याचे नवे नळ, आणि मातीच्या ढिगावर एक कुत्रा झोपलेला. डावीकडचा रस्ता थेट हमरस्त्याला मिळत होता, आणि त्यावरून ट्रकमागून ट्रक चालले होते. उजवीकडे, दोनशे पावलांवर, वखारीचं हिरवं फाटक उघडं दिसत होतं. वखारवाल्या काकू फाटकात उभं राहून हात हलवत होत्या.

खारूनं उजवा लगाम ओढला. हवालदारानं मान वळवून काकूंकडे पाहिलं आणि तो डावीकडे सरकला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. हमरस्ता दोन पावलं जवळ आला. ट्रकच्या भोंग्यानं ती बावचळली आणि जे करायचं नाही तेच करून बसली. तिनं त्याला जागच्या जागी डावीकडून फिरवलं.

पाठ सुरू झाला. चौकाच्या बरोब्बर मधोमध हवालदारानं आपलं वर्तुळ धरलं आणि तो तल्लीन होऊन फिरू लागला. खारू "बस्स, बस्स" म्हणत होती, तिचा आवाज रडवेला होत चालला होता. एक पावाची गाडी येऊन थांबली, तिच्या मागं दोन सायकली. स्कूटर बाजूला लावेपर्यंत माझी बहीण पिशवीसकट उतरून चौकात शिरली होती. घोडा सगळीकडून फिरत होता, त्यामुळे त्याच्या वाटेत येणार नाही अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे मधली. ती तिथं जाऊन उभी राहिली.

पाववाला खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ओ बाई, सर्कस आहे का?"

"हो. तिकीट काढलंय का?" तिनं मागं न बघता विचारलं.

खारू तिच्याभोवती फिरत होती. मला कडेनं तिची पाठ दिसली, कूस दिसली, तोंड दिसलं, पुन्हा पाठ दिसली. माझी बहीण नुसती बघत होती. तासभर तिनं ती पाठ मागून पाहिली होती, आणि आता पोरीची डावी बाजू जवळून पाहत होती. तिच्या कपाळावर आठी पडली. ही आठी मला ठाऊक आहे. पेशंट दारातून आत येतो तेव्हा ती पडते.

"बस्स!" ती ओरडली.

हवालदार थांबला. तोंड चराकडे, चारही पाय गच्च. पाववाल्यानं आपोआप गाडीचं इंजिन बंद केलं.

"आई, तू लगामाला हात लावू नकोस," खारू घाईघाईनं म्हणाली. "मी उतरलेले नाहीये."

"मी कुठं हात लावतेय? तू एका बाजूवर बसतेस."

"काय?"

"डाव्या. उजवा खांदा वर, डावा खाली, सगळं वजन डाव्या मांडीवर. चार वर्षं तूही तेवढीच फिरलीस ना त्या रिंगणात? बुटाची टाच बघितली तेव्हाच मला कळायला हवं होतं. तू त्याला तोंडानं सांगतेस उजवीकडे आणि अंगानं ढकलतेस डावीकडे. तो बिचारा मान तिकडे करतो नि पाय इकडे टाकतो. दोघांचंही ऐकतो."

खारूनं खाली पाहिलं, आपल्या गुडघ्यांकडे. सरळ बसायचा प्रयत्न केला. "ही बघ, सरळ."

"ही सरळ नाही. तुला वाटतेय सरळ. प्लास्टर निघाल्यावर सगळ्यांना वाटतं तसं. उजवी रिकीब दाब."

"पडेन मी."

"पडणार नाहीस."

"आई, मला खरंच असं वाटतंय की मी त्या बाजूनं खाली..."

माझ्या बहिणीनं पिशवी काखेत मारली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि म्हणाली, "वजन टाक. मोडत नाही."

खारूनं डोळे मिटून घेतले. उजवा पाय रिकिबीत खाली गेला, उजवा खांदा हळूहळू उतरला. मला बाजूनं बघताना ती वाकडी दिसू लागली आणि तेव्हा लक्षात आलं की आजवर आम्ही तिला वाकडीच पाहत आलो होतो. हवालदाराच्या पाठीवरून एक शहारा गेला. त्यानं कान मागं टाकले, पुढं केले. मान उजवीकडे वळवली. आणि मग, फार विचार करून, पुढचा उजवा पाय उचलला आणि उजवीकडे टाकला.

त्यानं तो पाय जमिनीवर दाबून पाहिला. जमीन इकडेही होती. दुसरा पाय आला. मग मागचे दोन, एकमेकांत अडखळत. इतक्या हळू वळणारा घोडा मी पाहिला नाही. जड कपाट दोघांनी मिळून कोपऱ्यातून वळवावं तसा तो वळला. शेवटी त्याचं तोंड हिरव्या फाटकाकडे झालं.

"डोळे उघड गं," आई म्हणाली. "पुढं रस्ता आहे."

पाववाल्यानं भोंगा वाजवायला हात नेला. माझ्या बहिणीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्यानं त्याच हातानं नमस्कार केला.

दोनशे पावलांवर फाटक उजव्याच हाताला होतं, आणि हे वळण माझ्या कागदावर नव्हतंच. तिथं हवालदारानं दुसरं उजवं वळण घेतलं, पहिल्यापेक्षा बरं. खारू शेडपर्यंत गेली, तेव्हा कुठं तिनं आईकडे पाहिलं.

"आता उतरू?"

"उतर."

ती उतरली, आणि घोड्याच्या मानेला मिठी मारून लटकली. मग रडली भरपूर. वखारवाल्या काकूंनी विचारलं, "लागलं का हो कुठं?" माझी बहीण म्हणाली, "नाही. तपासलंय मी." तिची पिशवी तशीच बंद होती. हवालदारानं ती हुंगली, पट्टा दातांत धरला आणि तिच्याकडे संशयानं बघत राहिला. संध्याकाळी ट्रक मोकळाच परत गेल्याचं मास्तरांनी फोन करून कळवलं.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. खारू सकाळी सहाला वखारीत जाते, घोड्याला खरारा करते, रोपवाटिकेचं कामही तिथूनच. हवालदाराचं पोट उतरलंय. तिच्या दोन्ही बुटांच्या टाचा सारख्या झिजतात आणि आई महिन्यातून एकदा बूट उलटे करून ते बघते. कामावर जाण्याआधी अर्धा तास माझी बहीण वखारीच्या अंगणात, लाकडांच्या ढिगांमधल्या मोकळ्या जागेत मधोमध उभी असते. दहा फेऱ्या उजव्या, दहा डाव्या. पेशंटांचे व्यायाम मोजते तशी ती मोठ्यानं मोजते. मधे एकदा तिला म्हटलं, "तू तर मास्तरच झालीस." म्हणाली, "मी घोड्याचं काही बघत नाही. पोरीचा खांदा बघते." पण खिशात गाजर असतं.

मागच्या महिन्यात मास्तर भेटायला आले. डावा हात कमरेशी धरून ते कुंपणाला टेकून उभे राहिले. उजव्या फेऱ्या चालल्या होत्या. खारू ताठ बसली होती, हवालदार मान खाली घालून मजेत चालला होता. मास्तरांनी दोन फेऱ्या पाहिल्या, तिसरी पाहिली. मग त्यांना राहवेना. ते कुंपणावर ओणवे झाले आणि घोड्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "हवालदार, अरे चुकतोयस."

हवालदारानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि तो उजवीकडे वळला.